आकार दिसतो, जोर दिसत नाही

अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सेन्सरची एक डबी काढायची आहे. १०० मिलिमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच. तळ ५ मिलिमीटरचा, आत २० मिलिमीटर खोल पॉकेट, चारही भिंती जेमतेम २ मिलिमीटर जाड, आणि तळाला खालून चार एम-६ चे आटे. भोसरीच्या किंवा वाळूजच्या जॉबशॉपमध्ये येतात तसलेच हे काम. सरावलेला प्रोग्रॅमर कॅम, म्हणजे टूलचा मार्ग आखून देणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये डबीचे मॉडेल उघडतो आणि थोड्याच वेळात टूलपाथ काढून मोकळा होतो. सिम्युलेशन चालवले की पडद्यावरचा ठोकळा झरझर कोरला जातो. कुठे टक्कर नाही, कुठे मटेरियल उरलेले नाही, सगळे हिरवे.

तोच प्रोग्रॅम व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या संगणकचालित मिलिंग यंत्रावर, चालवला आणि डबी मोजली, तर वेगळेच काही हाती लागू शकते. भिंत वरच्या कडेला २.१२ भरते. पॉकेटच्या कोपऱ्यांत थरथरीच्या बारीक खुणा उमटलेल्या असतात. व्हाइस सैल करताच तळ किंचित वाकतो आणि सरफेस प्लेटवर डबी डुगडुगते. प्रोग्रॅममध्ये एकही आकडा चुकलेला नसतो. सॉफ्टवेअरला डबीचा आकार मायक्रॉनपर्यंत माहीत होता. तो आकार कापताना टूलवर, भिंतीवर आणि पकडीवर किती जोर येईल, हे मात्र त्याला दिसत नव्हते. कॅम शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढी एक गोष्ट मनात पक्की केली, तर पुढचे बरेच शिक्षण सोपे होते.

सॉफ्टवेअर असे का घडले, हे त्याच्या जन्मकथेत दिसते. यंत्र आकड्यांनी चालवण्याची कल्पनाच आकाराच्या अडचणीतून निघाली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सिकोर्स्की हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या छेदाचा वक्र नाजूक असतो. त्याची टेम्प्लेट करायची म्हणजे वक्रावरचे मोजके बिंदू आखायचे, ते लवचिक पट्टीने जोडायचे आणि उरलेले काम कारागिराच्या नजरेवर सोपवायचे. पार्सन्स यांचे इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर त्या वक्राचे कितीतरी जास्त बिंदू काढून दिले. मग मिलिंग मशीनच्या दोन हँडलपाशी दोन माणसे उभी करायची, आकडे वाचून दाखवायचे आणि टूल त्या बिंदूंवर नेत जायचे. पार्सन्स यांना पुढची पायरी लगेच दिसली: हँडल माणसाने का फिरवायचे?

१९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने या कल्पनेसाठी पैसा दिला. कामाचा मोठा भाग एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेला, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये तिथे सिनसिनाटी कंपनीचे एक हायड्रो-टेल मिलिंग मशीन छिद्रे पाडलेल्या कागदी टेपवरून तीन अक्षांत चालताना लोकांनी पाहिले. नियंत्रकात शेकडो व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पार्सन्स आणि स्टुलेन यांना या शोधाचे पेटंट १९५८ मध्ये मिळाले.

यंत्र आकडे वाचू लागले, पण ते आकडे काढायचे कोणी? एका वळणदार भागासाठी टूलच्या केंद्राचे हजारो बिंदू लागतात, आणि ती आकडेमोड कापण्याच्या कामापेक्षाही लांबू लागली. १९५६ पासून एमआयटीतच डग्लस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक भाषा रचली. तिचे नाव एपीटी. तीत प्रोग्रॅमर रेषांना, वर्तुळांना, प्रतलांना नावे देई आणि टूलला सांगे की या रेषेच्या डावीकडून जा, त्या वर्तुळाला भिडेपर्यंत जा. बिंदू संगणक काढी. १९५९ मध्ये ही भाषा पत्रकारांना दाखवली गेली, तेव्हा त्यांना तिच्याच मदतीने कापलेले अॅल्युमिनियमचे अॅशट्रे भेट मिळाले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याच्या वक्रांना गणितात बांधण्याचे काम चालू होते. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते केले. आज कुठल्याही कॅड पडद्यावर आपण जो वक्र ओढतो, त्याच्या मुळाशी या दोघांचे गणित आहे.

या सगळ्या कर्तबगारीत एक गोष्ट सारखी आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. ही सारी माणसे भूमिती सोडवत होती. एपीटीमध्ये फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि स्पीड (ते फिरण्याचा वेग) लिहिण्याची सोय होती, पण ते आकडे प्रोग्रॅमरने स्वतःच्या डोक्यातून आणायचे. धातू कापण्याचे शास्त्र तेव्हा नवे नव्हते. फ्रेडरिक टेलर यांनी १८८० मध्ये सुरू केलेले कटिंगचे प्रयोग पाव शतकाहून जास्त काळ चालवले आणि १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. कापण्याचा वेग वाढवला की टूलचे आयुष्य किती झपाट्याने घटते, याचे त्यांचे सूत्र आजही टूल कंपन्या वापरतात. त्यांचे सहकारी कार्ल बार्थ यांनी हे ज्ञान लेथवरच्या कामगाराला वापरता यावे म्हणून खास स्लाइड रूल बनवल्या. तरीही आकाराचे गणित संगणकात गेले आणि जोराचे ज्ञान तक्त्यांत, कॅटलॉगांत आणि यंत्रावर जॉब लावणाऱ्या सेटरच्या हातात राहिले. आजचा कॅम प्रोग्रॅमर या दोन प्रवाहांच्या मधोमध उभा असतो.

आकाराच्या बाजूला सॉफ्टवेअर किती समर्थ आहे, ते एका उदाहरणात कळते. वळणदार पृष्ठभाग बॉलनोज टूलने फिनिश करताना शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये बारीक धार उरते. तिची उंची म्हणजे फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले टूलच्या त्रिज्येची आठपट. १० मिमीच्या बॉलनोजने १ मिमी अंतर ठेवले तर धार २५ मायक्रॉनची, अंतर अर्ध्या मिलिमीटरवर आणले तर सहा-सव्वासहा मायक्रॉनची. अंतर निम्मे केले की धार चौथाईवर येते, वेळ मात्र दुप्पट लागतो. चढउताराच्या पृष्ठभागावर हे अंतर जागोजागी बदलत ठेवणे माणसाला जमणारे काम नाही. सॉफ्टवेअर ते चुटकीसरशी करते. मोल्डच्या कारखान्यात कॅमशिवाय पान हलत नाही ते यामुळेच.

आपल्या डबीकडे परत येऊ. पॉकेटच्या कोपऱ्यांना ड्रॉइंगमध्ये ६ मिमीची गोलाई आहे. १० मिमीच्या एंडमिलची त्रिज्या ५, म्हणजे टूल कोपऱ्यात छोटी कमान घेत वळू शकते. हीच गोलाई ५ असती तर टूल कोपऱ्यात जाऊन क्षणभर थांबले असते, दिशा बदलली असती, आणि तेवढ्यात तिथे थरथरीच्या खुणा उमटल्या असत्या. गोलाई ३ मागितली असती तर हे टूल तिथे पोहोचलेच नसते. नांगर बांधाच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही, तेवढी जमीन कुदळीने खणावी लागते. तसे कोपऱ्यात उरलेले मटेरियल काढायला लहान टूल वेगळे लावावे लागते. डिझायनरने त्रिज्येत एक मिलिमीटरची मोकळीक दिली की खाली वर्कशॉपमध्ये किती वेळ वाचतो, हे डिझाइन शिकवताना क्वचितच सांगितले जाते.

कोपऱ्यातच जोराचा प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसतो, म्हणून इथे जरा थांबू. टूल सरळ भिंतीलगत व्यासाच्या दहा टक्के, म्हणजे १ मिमी मटेरियल कापत चालले आहे असे समजा. त्याच्या परिघाचा फक्त ३७ अंशांचा भाग धातूत रुतलेला असतो. हेच टूल भिंतीला समांतर जात काटकोनी वळणावर पोहोचले, की बाजूची भिंत आणि समोरची भिंत दोन्हीकडचे मटेरियल एकदम अंगावर येते आणि रुतलेला भाग ३७ वरून १२७ अंशांवर जातो. फीड तेवढाच, स्पीड तेवढाच, जोर मात्र एकाएकी वाढतो. व्हीएमसीशेजारी उभे राहिले की प्रत्येक कोपऱ्यात आवाज खाली दबतो आणि पुन्हा मोकळा होतो, तो या कारणाने. जुने प्रोग्रॅमर यावर उपाय म्हणून सगळ्या पॉकेटचाच फीड कमी ठेवत. चार कोपऱ्यांसाठी सगळा टूलपाथ हळू चालायचा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे मोठा बदल झाला. टूलचा रुतलेला कोन कधीच ठरावीक मर्यादेच्या वर जाणार नाही, अशा बेताने मार्ग आखायचा. कोपरा आला की टूल छोट्या छोट्या कमानी घेत थोडे थोडे कुरतडत आत शिरते. सॉलिडकॅमचे आयमशिनिंग, मास्टरकॅमचे डायनॅमिक मिलिंग, फ्यूजनमधले अॅडॅप्टिव्ह क्लिअरिंग ही याच कल्पनेची रूपे. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्येही ती आहे. जोर मोजता येत नाही, पण रुतलेला कोन मोजता येतो, आणि कोन आटोक्यात ठेवला की जोरही आटोक्यात राहतो. भूमितीच्या मदतीने जोराला लगाम घालण्याची ही युक्ती कॅमच्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना आहे असे मला वाटते.

तिचा फायदा उठवायला मात्र कापण्याचे गणित यावे लागते. अॅल्युमिनियमसाठी कार्बाइड एंडमिलचा कापण्याचा वेग मिनिटाला २५० मीटर धरला, तर १० मिमी व्यासाला फेरे येतात मिनिटाला सुमारे ८०००. तीन दातांचे टूल, दर दाताला ०.०६ मिमी, म्हणजे फीड मिनिटाला १४४० मिमी. आता बाजूने फक्त १ मिमी कापताना दात धातूला ओझरता स्पर्श करून निघून जातो, आणि चिपची प्रत्यक्ष जाडी सांगितलेल्या ०.०६ च्या साठ टक्केच भरते. दाताने धातू कापण्याऐवजी घासला की उष्णता वाढते आणि धार लवकर मरते. म्हणून इथे दर दाताचा आकडा ०.१० पर्यंत वाढवायला हवा, म्हणजे फीड मिनिटाला २४०० मिमी. नवशिक्याला हे उलटे वाटते, आवाज आला की तो फीड कमी करतो. सॉफ्टवेअर दोन्ही आकडे सारख्याच निमूटपणे स्वीकारते.

टूलच्या वाकण्याचेही असेच. टूल होल्डरमधून जितके बाहेर, तितके ते लवचिक, आणि हे प्रमाण घनाचे आहे: लांबी दुप्पट केली की त्याच जोराखाली वाकणे आठपट. १० मिमीची कार्बाइडची भरीव दांडी ३० मिमी बाहेर ठेवून टोकाला २०० न्यूटन, म्हणजे साधारण वीस किलो वजनाइतका जोर लावला, तर ती ६ मायक्रॉन वाकते. ६० मिमी बाहेर काढली तर ४९ मायक्रॉन. खाचा पाडलेली खरी एंडमिल याहून जास्तच वाकेल. आपल्या २० मिमी खोल पॉकेटसाठी ३० मिमी पुरे आहेत. पण मागच्या जॉबला लावलेले टूल ६० बाहेर होते आणि काढायचा कंटाळा आला म्हणून तेच चालवले, तर सिम्युलेशनमध्ये एका मायक्रॉनचाही फरक दिसत नाही. पडद्यावरचे टूल वाकतच नाही.

यापेक्षाही मोठा निर्णय सॉफ्टवेअर उघडण्याआधी घ्यावा लागतो, तो जॉब पकडायचा कसा याचा. सहज सुचणारा मार्ग असा: ठोकळा थोडा उंच घ्यायचा, खालचे काही मिलिमीटर व्हाइसमध्ये धरायचे, वरून पॉकेट आणि बाहेरचा आकार पूर्ण करायचा, मग डबी उलटी करून खालचा जास्तीचा भाग काढायचा. उलटी केल्यावर व्हाइसच्या जबड्यांत येणार काय? त्याच २ मिलिमीटरच्या भिंती. आवळल्या तर दबतील, सैल ठेवल्या तर जॉब उडेल.

अनुभवी सेटर ड्रॉइंग हातात घेतो तेव्हा आधी तळाचे चार आटे पाहतो. तो क्रम उलटा लावेल. पहिल्या सेटिंगमध्ये तळ फेस करायचा आणि आटे पाडून घ्यायचे. मग ठोकळा उलटा करून एका फिक्स्चर प्लेटवर बसवायचा आणि खालून चार बोल्ट आवळायचे. आता भिंतींना कोणी हात लावत नाही, आणि आतले पॉकेट व बाहेरचा आकार एकाच सेटिंगमध्ये कापता येतो. भिंतीची जाडी म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांमधले अंतर. दोन्ही पृष्ठभाग एकाच झीरोवरून, म्हणजे मोजणीच्या एकाच आरंभबिंदूवरून, कापले तर झीरो घेताना राहिलेली चूक जाडीत शिरत नाही. बोल्टची लांबी मात्र मोजूनच लावायची. तळ ५ मिमीचा आहे. बोल्ट त्याहून वर आला तर एंडमिल अॅल्युमिनियम संपवून पोलादावर आदळेल, आणि बोल्ट मॉडेलमध्ये काढलेला नसेल तर सिम्युलेशन त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

धातूच्या पोटातला ताणही लक्षात घ्यावा लागतो. लाटून केलेल्या पट्टीत अंतर्गत ताण असतात. एका बाजूचे मटेरियल भराभर काढले की त्यांचा तोल जातो आणि जॉब वाकतो. म्हणून पॉकेट अर्धा मिलिमीटर मटेरियल ठेवून रफ करायचे, बोल्ट सैल करून डबीला तिच्या मनासारखे बसू द्यायचे, पुन्हा हलके आवळायचे आणि मग फिनिशिंग घ्यायचे. कॅममध्ये यासाठी फार तर प्रोग्रॅममध्ये एक थांबा टाकावा लागतो. तो कुठे टाकायचा, हे सॉफ्टवेअर सुचवत नाही.

टूलपाथ तयार झाल्यावर पोस्ट प्रोसेसर त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. तोच टूलपाथ फॅनुकच्या नियंत्रकासाठी एका तऱ्हेने लिहिला जातो, हायडेनहाइनच्या नियंत्रकासाठी दुसऱ्या. इथे शिकणाऱ्याला एक आग्रह करावासा वाटतो: बाहेर पडलेला कोड वाचा. हजारो ओळी वाचायच्या नाहीत. पहिल्या वीस आणि प्रत्येक टूल बदलाच्या पुढच्या पाच-सहा. जी५४ म्हणजे जॉबचा झीरो, जी४३ म्हणजे टूलच्या लांबीची भरपाई, त्यापुढचा एच क्रमांक म्हणजे ती लांबी यंत्राच्या कोणत्या रकान्यातून उचलायची. रकान्यातला आकडा फाइलमध्ये नसतो, तो सेटरने यंत्रात भरलेला असतो. तो चुकला तर निर्दोष प्रोग्रॅमसुद्धा टूल थेट जॉबमध्ये घुसवतो. हाताने दुरुस्ती करताना दशांश चिन्ह विसरू नये. फॅनुकच्या काही सेटिंगमध्ये एक्स १० चा अर्थ १० मिमी नव्हे, १० मायक्रॉन असा घेतला जातो.

म्हणून शिकण्याच्या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. आयटीआयमध्ये कानशीने ठोकळा काटकोनात आणण्यात, हाताच्या लेथवर चिप निळी पडताना पाहण्यात, मिलिंगच्या हँडलवर कटचा जोर मनगटाला जाणवण्यात जे दिवस जातात, ते वाया जात नाहीत. पुढे पडद्यावर आकडा लिहिताना त्यामागचा जोर डोळ्यांसमोर येतो तो याच दिवसांमुळे. त्यानंतर जी-कोडचे पन्नास ओळींचे प्रोग्रॅम हाताने लिहावेत. कॅमकडे मग वळावे. सॉफ्टवेअर कोणते, याला मी फार महत्त्व देत नाही. एक नीट आले की दुसऱ्याचे मेनू शोधावे लागतात, विचार तोच राहतो. क्लास निवडताना मात्र तिथे यंत्र आहे का आणि त्यावर स्वतःचा जॉब कापायला मिळतो का, हे आधी विचारावे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत पडदा आणि यंत्र एकाच आवारात असतात, आणि प्रोग्रॅम कापून पाहण्याची सोय ही मोठी गोष्ट आहे.

जोर मोजण्याच्या दिशेने सॉफ्टवेअरही सरकू लागले आहे. व्हेरिकटसारखी पडताळणीची साधने आता टूल आणि धातूची माहिती घेऊन प्रत्येक कटचा जोर अंदाजतात आणि त्यानुसार फीड कमीजास्त करतात. त्यासाठी धातूची तपासलेली माहिती लागते, आणि चार बोल्ट किती घट्ट आहेत हा प्रश्न तरीही सेटरकडेच राहतो.

पहिला जॉब चालवताना सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड पंचवीस टक्क्यांवर, एक हात फीड होल्डजवळ. टूल जॉबजवळ आले की नजर 'डिस्टन्स टू गो'च्या आकड्यावर: अजून किती खाली जायचे असे यंत्र म्हणते, आणि डोळ्यांना किती अंतर दिसते. दोन्ही जुळले तरच पुढे. डबी निघाल्यावर भिंत वरच्या कडेला आणि तळाशी, दोन्ही ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावी. तळाशी जाड भरली तर टूल वाकले आहे, कारण त्याचे टोक तिथे असते. लांबी कमी करा किंवा जाड टूल लावा. वर जाड भरली तर भिंत टूलपासून दूर झुकली आहे, कारण तळाने धरलेली भिंत वरच्या कडेलाच जास्त हलते. मग फिनिशिंग एका दमात न घेता वरून खाली टप्प्याटप्प्याने घ्या, म्हणजे कापल्या जाणाऱ्या भागाला खालच्या न कापलेल्या जाडीचा आधार राहतो. जुळलेले आकडे, म्हणजे धातू, टूल बाहेर किती, बाजूचा कट, दर दाताचा फीड, लगेच कॅममधल्या टूल लायब्ररीत भरून ठेवावेत. त्या रकान्यांत हातचे ज्ञान साठवता येते, आणि बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर बसवल्या दिवसापासून ते रिकामेच पडलेले असतात.